‘घरबसल्या’ शिक्षण आणि घरी बसलेल्या मुली

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातले, धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथे महामार्गाला मिळतो, त्यामुळे आसपासच्या खेड्यांची इथे सतत ये-जा असते. राज्याला मात्र हे गाव कळले ते उपोषणांमुळे. शेजारच्या अंतरवाली सराटीत २०२३ पासून मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांची उपोषणे झाली. जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून लक्ष्मण हाके वडीगोद्रीतच उपोषणाला बसले. दोन्ही मांडवांतल्या घोषणा वेगळ्या होत्या, पण दुखणे एकच होते: आमच्या मुलांना कॉलेजात जागा आणि पुढे नोकरी मिळणार की नाही? मुस्लिम समाजालाही हे दुखणे नवे नाही. २०१४ च्या अध्यादेशाने दिलेले पाच टक्के आरक्षण शिक्षणापुरते उच्च न्यायालयानेही रोखले नव्हते, तरी त्याचा कायदा झालाच नाही.

जागेसाठी इतका मोठा लढा चालू असताना त्या जागेपर्यंत जाणारी वाटच बदलते आहे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. या भागातल्या मुलामुलींच्या अभ्यासाचा मोठा हिस्सा आज फोनवर होतो. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, गणिताची अडचण यूट्यूबवर सुटते, कॉलेजचे प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, हॉल तिकीट, निकाल सगळे ऑनलाइन. आणि हा धागा किती नाजूक आहे, हे इथल्या लोकांनी स्वतः पाहिले आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले. बारावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती, दहावीची १ मार्चला सुरू व्हायची होती. ज्यांच्याकडे छापील पुस्तक आणि स्वतः लिहिलेली वही होती, त्यांचा अभ्यास चालू राहिला. ज्यांच्या नोट्स, व्हिडिओ आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका सगळ्याच फोनमध्ये होत्या, त्यांची शाळा एका सरकारी आदेशाने बंद पडली.

तो आदेश बरोबर की चूक, हा वेगळा विषय. आमचा प्रश्न साधा आहे. शाळा फोनमध्ये शिरली, तेव्हा तिच्यातले काय आत आले आणि काय बाहेर राहिले? आणि जे बाहेर राहिले, त्याची किंमत सर्वांत जास्त कोण मोजते आहे?

शाळा बंद होत्या तेव्हा

मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळांना कुलूप लागले. शिक्षण विभाग अगदीच हातावर हात ठेवून बसला नाही. ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून रोज घरोघरी जाऊ लागली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. काही शिक्षकांनी तर कमाल केली. सोलापूरच्या निलमनगरमध्ये यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. फोन नसलेले मूल गल्लीतून चालत जाता जाता वाचू शकेल, असा विचार त्यामागे होता. हा विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात मुलाकडे काय नाही ते आधी पाहिले गेले.

पण सर्वत्र असे झाले नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण भागात फक्त १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक ४.४ टक्के घरांत. अशा पायावर ऑनलाइन शाळेचा इमला उभा केला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधील सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी होती ८ टक्के. अजिबात काहीच न शिकणारी होती ३७ टक्के.

दरम्यान २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. पेढे वाटले गेले. त्यानंतर ‘असर’ या संस्थात्मक पाहणीने २०२२ मध्ये खेड्यांतल्या मुलांना साधा उतारा वाचायला दिला. महाराष्ट्रात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ४२ टक्के होते, ते २७ टक्क्यांच्या आसपास घसरले. जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला होता, पण दीड वर्षाचा खड्डा दीड महिन्यात भरत नाही.

उच्च शिक्षणातला एक आकडा आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यायला हवा. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी कॉलेजात होते. २०२०-२१ मध्ये ते १९.२१ लाखांवर आले. एका वर्षात जवळपास पावणेदोन लाखांहून अधिक मुले-मुली कमी झाली. याच वर्षी दलित, आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली होती. पुढच्या वर्षी आपला आकडा पुन्हा २१ लाखांच्या वर गेला, ही दिलाशाची गोष्ट. पण आकडा भरून निघतो, माणूस परत येतोच असे नाही. जी मुलगी त्या वर्षी घरी बसली आणि तिचा निकाह झाला, ती पुढच्या वर्षीच्या आकड्यात नाही. तिच्या जागी दुसरी कोणी आली आहे.

जे मिळाले, तेही खरे

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग फेकून द्या तो फोन. तसे म्हणणेही चूक ठरेल.

महाराष्ट्रात तंत्रज्ञानाचा चांगला वापर कोरोनाच्या आधीपासून होत होता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचा प्रयोग केला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड यांनी डिजिटल शाळा उभी केली. दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. तंत्रज्ञान शिक्षकाच्या हातात होते आणि मुले वर्गात होती.

आज बालभारतीची पुस्तके मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांत फुकट उतरवून घेता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपवर धड्यांचे व्हिडिओ मिळतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ मंचावर आयआयटी आणि मोठ्या विद्यापीठांच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात, फी लागते ती परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तरच. ज्या गावातून इंग्रजीचा किंवा भौतिकशास्त्राचा चांगला शिक्षक गाठायला तास-दीड तास एसटीने जावे लागते, तिथे ही लहान गोष्ट नाही. वर्गात शिक्षक एकदाच समजावतो, व्हिडिओ दहा वेळा मागे घेता येतो. दिवसा गॅरेजमध्ये किंवा दुकानात काम करणारा तरुण रात्री अभ्यास करू शकतो. चालता न येणाऱ्या विद्यार्थ्याला जिने चढावे लागत नाहीत.

धोरणही त्याच दिशेने चालले आहे. जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ऑनलाइन आणि मिश्र शिक्षणाला जागा दिली. मिश्र म्हणजे थोडे वर्गात, थोडे ऑनलाइन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘स्वयम्’वरून घेता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २० वरून ४० टक्क्यांवर नेली. मे २०२१ मध्ये एखाद्या विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना आयोगाने मांडली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे आता ही तात्पुरती व्यवस्था राहिलेली नाही. येत्या काळातल्या कॉलेजचा काही भाग पडद्यावर असणार, हे धरूनच आपल्याला चालावे लागेल.

आणि मिश्र शिक्षण ही काही २०२० मध्ये लागलेली शोधाची गोष्ट नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, ते ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन. स्वतः शिकता येईल अशी लिहिलेली पुस्तके घरी यायची आणि सुटीच्या दिवशी जवळच्या अभ्यासकेंद्रावर शिक्षक भेटायचे. पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या वाटेने बारावी न झालेल्यांनाही पदवीचे दार उघडले. शिक्षण अर्धवट सुटलेल्या, लग्न होऊन मुलेबाळे झालेल्या कितीतरी बायका या वाटेने पदवीधर झाल्या. १९९८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने उर्दूतून हेच काम केले. या जुन्या प्रयोगांचा धडा असा की ज्ञानगंगा घरोघरी गेली तरी अभ्यासकेंद्र नावाची एक जागा लागतेच. तिथे प्रश्न विचारता येतो, दुसरी शिकणारी बाई भेटते, आणि आठवड्यातून एकदा घराबाहेर पडण्याचे हक्काचे कारण मिळते.

एका शब्दाची दुसरी बाजू

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जाहिरातींत एक शब्द नेहमी असतो: ‘घरबसल्या’. घरबसल्या पदवी, घरबसल्या कोर्स, घरबसल्या इंग्रजी. मुलांच्या बाबतीत हा शब्द सोयीचा आहे. मुलींच्या बाबतीत त्याला दुसरी बाजू आहे.

आपल्या घरांतले बोलणे आठवून पाहा. मुलगा बारावी झाला की त्याला कुठल्या शहरात ठेवायचे, खोली कोणाबरोबर घ्यायची, गाडी घेऊन द्यायची का, याची चर्चा होते. मुलगी बारावी झाली की आता पहिले वाक्य येते, ‘आजकाल सगळे ऑनलाइन होते, घरी बसून कर की.’ पूर्वी कॉलेज लांब आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबवायचे, तर घरच्यांना निदान शिक्षण थांबवतोय हे कबूल करावे लागे. आता थांबवायची गरज उरली नाही. प्रवेश ऑनलाइन, हजेरी नावापुरती, मुलगी चुलीपाशी, धाकट्या भावंडांपाशी. कागदोपत्री ती शिकते आहे. स्थळ आले की ‘शिक्षण चालू आहे’ असे सांगता येते आणि लग्नानंतर तेही चालू राहील असे आश्वासन देता येते. ते किती चालू राहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही इथे आईवडिलांना खलनायक ठरवत नाही. एसटीची वेळ, संध्याकाळचा रस्ता, स्टँडवरची छेडछाड, वसतिगृहाचा खर्च, ‘लोक काय म्हणतील’ याची धास्ती, या सगळ्या खऱ्या गोष्टी आहेत. पण त्यांचे उत्तर सुरक्षित एसटी, मुलींचे वसतिगृह आणि गावातला धीर हे आहे. फोन हे त्यांचे उत्तर नाही.

हा धोका फक्त आपल्या समाजाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते. शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो, तिथे हे प्रमाण ४३.७ टक्के आहे. यात सगळ्या जातीधर्मांच्या मुली आहेत. शाळेची वाट मुलीला पुस्तकापलीकडे बरेच काही देते. तिला मैत्रिणी मिळतात. ती आठ दिवस आली नाही तर विचारणारी बाई तिथे असते. लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर कोणाला तरी सांगता येते. ऑनलाइन वर्गात ती आली नाही, तर पडद्यावरचे एक नाव कमी दिसते, आणि नेट गेले असेल असे समजून वर्ग पुढे चालतो.

उसाच्या पट्ट्यातल्या मुलांचे तसेच आहे. अंकुशनगरचा साखर कारखाना वडीगोद्रीच्या शेजारी आहे आणि याच भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ‘आता मूल कुठेही असो, फोनवर शिकेल’ हे वाक्य त्यांच्या कोपीत उभे राहून म्हणून बघावे. तिथे विजेची खात्री नसते, पहाटे आईबाप फडात जातात आणि थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते. या मुलांना लागते ते गावात चालणारे हंगामी वसतिगृह, पोटभर जेवण आणि लक्ष ठेवणारे मोठे माणूस.

फोन कोणाचा?

‘घरात फोन आहे’ आणि ‘मुलीला फोन मिळतो’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. २०२१ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के होते आणि मुली २६.९ टक्के. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के आणि स्त्रिया ३३.३ टक्के होत्या. अब्बांचा फोन दिवसभर त्यांच्या खिशात, भावाचा भावाच्या हातात आणि बहिणीच्या वाट्याला रात्री अकराला पंधरा टक्के बॅटरी, ही कित्येक घरांतली ‘मिश्र शिक्षणपद्धती’ आहे.

मुलीच्या हातातला फोन म्हणजे संशय, असेही अनेकांना वाटते. या बाबतीत केरळचा एक निकाल आपल्या तरुणांनी माहीत करून घ्यावा. कोझिकोड जिल्ह्यातल्या चेलन्नूर इथल्या श्री नारायण कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा करण्याचा नियम होता. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानायला नकार दिला, म्हणून तिला वसतिगृहातून काढले गेले. ती उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे होते की अभ्यासासाठी मला इंटरनेट लागते, मुलींवर असे बंधन का? सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला वसतिगृहात परत घेण्याचा आदेश दिला. कोरोना यायला अजून सहा महिने होते. एका मुस्लिम मुलीने देशाला ही गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. तिने फोन मागितला, पण तो वसतिगृहात, कॉलेजच्या आवारात राहून मागितला. फोन आणि घराबाहेरची जागा, दोन्ही तिला हवे होते.

अर्थात फोन हाती आला की अभ्यास झालाच, असेही नाही. ‘असर’च्या त्याच २०२४ च्या पाहणीत आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरलेली मुले ५७ टक्के होती आणि सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात हाच इशारा दिला की तंत्रज्ञान शिक्षकाला पूरक असावे, त्याची जागा घेणारे नसावे. पेरूमध्ये लाखो मुलांना लॅपटॉप वाटले गेले, पण शिकवण्याची पद्धत न बदलल्याने भाषा आणि गणितात फरक दिसला नाही. शाळा-कॉलेजांत डिजिटल साधने भरून वाहणाऱ्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे पुन्हा वळायचे ठरवले. श्रीमंत देश पडद्याकडून पुस्तकाकडे वळत असताना आपल्या गरीब वस्त्यांना पडदा म्हणजेच प्रगती असे सांगितले जात असेल, तर थोडे थांबून विचार करायला हवा.

विकणारे आणि विकत घेणारे

शाळा जिथे कमी पडते, तिथे बाजार येतो. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर किंमत मानली गेलेली बायजूज कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला पालकांसाठी सूचना काढावी लागली होती: फुकट म्हणून दिलेल्या ॲपच्या आड हप्ते बांधले जात नाहीत ना, ते बघा, आपोआप पैसे वळते होणारी परवानगी देऊ नका. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने याच कंपनीच्या प्रमुखांना विक्रीच्या पद्धतींबद्दल बोलावून घेतले. पोराच्या भवितव्याची भीती दाखवून कर्जावर कोर्स गळ्यात मारणे, ही तक्रार देशभरातून आली होती. ज्या घरात कोणी कॉलेज पाहिलेले नाही, ते घर अशा विक्रेत्यापुढे सर्वांत दुबळे असते.

ऑनलाइन पदवीचेही तसेच. पैसे भरण्याआधी त्या विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्या दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देण्याची परवानगीच नाही. कोणी ‘घरबसल्या नर्सिंगची पदवी’ देत असेल, तर तो फसवतो आहे. ही एवढी माहिती गावातल्या दहा घरांपर्यंत पोहोचली, तरी कित्येकांची वर्षभराची बचत वाचेल.

मग करायचे काय?

आमचे म्हणणे एका वाक्यात असे: मिश्र शिक्षणातला ऑनलाइन अर्धा भाग आपोआप येणार आहे, दुसरा अर्धा भाग म्हणजे बसायची जागा आणि भेटणारे माणूस, तो आपल्याला उभा करावा लागेल.

त्याची सुरुवात एका खोलीने होऊ शकते. गावात शाळेची संध्याकाळी रिकामी राहणारी खोली असते, ग्रामपंचायतीचे सभागृह असते, मोहल्ल्यात जमातीची किंवा लग्नाची जागा असते. तिथे चार टेबले, दिवे, इंटरनेट, पुस्तकांचे एक कपाट आणि दोन जुने संगणक असले की अभ्यासिका होते. कोण्या एका समाजाची नव्हे, गावाची अभ्यासिका. आरक्षणाच्या मांडवात समोरासमोर बसलेल्या घरांतली मुले एका टेबलाशी बसली, तर तेही वडीगोद्रीसारख्या भागात काही कमी काम नाही. मुलींसाठी दिवसाउजेडीची वेळ राखून ठेवावी आणि देखरेखीला गावातलीच शिकलेली बाई असावी. अब्बा-अम्मींची काळजी तिथेच निम्मी कमी होते.

त्यासाठी मागणी कुठे करायची, हेही कळायला हवे. ग्रामपंचायती इंटरनेटने जोडण्यासाठी भारतनेट योजना आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती जोडणी आली का, चालू आहे का, तिचा फायदा शाळेला आणि अभ्यासिकेला का मिळत नाही, हे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारता येते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. आपल्या आया त्या समितीत आहेत का? असतील तर फक्त सहीपुरत्या आहेत का? २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळांच्या जागी समूह शाळा करण्याची कल्पना सरकारने पुढे आणली. असा प्रस्ताव उद्या आपल्या वस्तीच्या शाळेवर आला, आणि जोडीला ‘बाकीचे ऑनलाइन’ असे गाजर दाखवले, तर बोलायचे कोणी? समितीतल्या पालकांनीच.

आणि तुम्ही, हे वाचणारे तरुण. तुमच्यापैकी अनेकजण आपल्या खानदानातले पहिले पदवीधर आहात. आठवड्यातून दोन तास द्या. शेजारच्या पाचवीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला बसवा, मराठी असो की उर्दू. कोरोनात वाचन सुटलेली मुले आता वरच्या वर्गांत गेली आहेत आणि त्यांना कोणी मागे वळून विचारलेले नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. ‘स्वयम्’वरचा इंग्रजी कोर्स दोन-चार जणांनी एकत्र बसून करा, एकट्याने सुरू केलेला कोर्स बहुधा तिसऱ्या आठवड्यात सुटतो. व्हिडिओ पाहिला की वही काढून चार ओळी लिहा, कारण नेट कधीही जाऊ शकते आणि वही जात नाही.

भावांना एक वेगळी विनंती. घरात फोन एक असेल, तर संध्याकाळचे दोन तास तो बहिणीचा. यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची, कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि तिचे कॉलेज ठरवण्याची चर्चा निघेल, तेव्हा ‘ती ऑनलाइन करेल’ हे वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. तुमच्यासाठी जी एसटी पकडता येते, ती तिच्यासाठीही पकडता येते. सुरुवातीचे आठ दिवस तिच्यासोबत स्टँडपर्यंत गेलात, तर नवव्या दिवशी ती एकटी जाईल, आणि दहाव्या दिवशी गल्लीतली दुसरी मुलगी तिच्यासोबत असेल.

फोनवर शिकण्याला आमचा विरोध नाही, उलट ज्या वडीगोद्रीपर्यंत चांगला शिक्षक कधी पोहोचला नाही तिथे तो फोनमधून पोहोचतो, याचा आनंद आहे. पण शिक्षण घरापर्यंत आले म्हणून मुलीने घराबाहेर पडू नये, असा हिशोब कोणी मांडत असेल, तर तो हिशोब आपल्याला मान्य नाही, हे घरातच, जेवताना, अब्बांसमोर, नम्रपणे पण स्पष्ट सांगायची वेळ आली आहे.